रक्त तेच, आकडा वेगळा: अमेरिकेतील वैद्यकीय सूत्रांमध्ये वंश कसा शिरला

जानेवारी २०२३ पासून अमेरिकेतील मूत्रपिंड प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांना एक वेगळेच काम करावे लागले. प्रतीक्षायादीवरील कृष्णवर्णीय रुग्णांची जुनी कागदपत्रे काढायची, त्यांचे नाव यादीत खरे तर आधीच यायला हवे होते का हे तपासायचे, आणि तसे असल्यास तेवढा काळ त्यांच्या नावावर जमा करायचा, असा अवयववाटपाचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेचा आदेश होता. मार्च २०२४ च्या मध्यापर्यंत १४ हजारांहून अधिक रुग्णांना असा काळ परत मिळाला आणि तो सरासरी दोन वर्षांचा होता. या यादीत ज्याची प्रतीक्षा जास्त झाली आहे त्याला मूत्रपिंड आधी मिळण्याची शक्यता वाढते, त्यामुळे हा बदल कागदोपत्री राहिला नाही. तोवर त्यांतील २,८०० हून अधिक जणांचे प्रत्यारोपण झालेही होते.

चौदा हजार माणसांच्या बाबतीत, वेगवेगळ्या राज्यांतील वेगवेगळ्या डॉक्टरांकडून, एकाच दिशेची चूक कशी काय झाली असेल? याचे उत्तर कोणा डॉक्टरच्या हलगर्जीपणात सापडत नाही. प्रयोगशाळेच्या संगणकात बसवलेल्या एका गुणाकारात ते सापडते. रुग्ण कृष्णवर्णीय असेल, तर त्याच्या अहवालातील एक आकडा साधारण सोळा टक्क्यांनी फुगवून छापला जात असे. तो गुणाकार कशासाठी होता, तो कोणी आणि का घातला, आणि काढून टाकल्यावर काय झाले, हे समजले तर अमेरिकेतील आरोग्यसेवेत कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणाऱ्या विषमतेचा बराच भाग उलगडतो.

क्रिएटिनीनचा हिशेब

स्नायूंच्या रोजच्या कामातून क्रिएटिनीन नावाचा एक टाकाऊ पदार्थ रक्तात येत राहतो आणि मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की गाळप मंदावते आणि रक्तातील क्रिएटिनीन वाढते. मात्र रक्तात ते किती आढळेल, हे ते किती गाळले जाते यावर जसे अवलंबून असते, तसेच ते किती तयार होते यावरही असते. पिळदार शरीराच्या पहिलवानाचे आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेचे क्रिएटिनीन सारखेच आले, तरी त्यांची मूत्रपिंडे सारख्याच अवस्थेत आहेत असे म्हणता येत नाही. म्हणून क्रिएटिनीनचा आकडा वय आणि लिंगासह एका सूत्रात घालतात आणि मूत्रपिंडे दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळत असावीत याचा अंदाज काढतात. या अंदाजाला ई-जीएफआर म्हणतात. आपण त्याला गाळणीचा आकडा म्हणू.

निरोगी तरुण माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. तो तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार आहे असे मानतात. अमेरिकेत तो २० किंवा त्याखाली आला की, डायलिसिस सुरू झालेले नसले तरी, रुग्णाचे नाव प्रत्यारोपणाच्या यादीत जाऊन त्याचा प्रतीक्षाकाळ मोजला जाऊ लागतो. डॉक्टर औषधाची मात्रा या आकड्यावरून ठरवतात, तज्ज्ञाकडे कधी पाठवायचे हेही यावरूनच ठरते. मूळ मोजमाप रक्ताचे असले, तरी रुग्णाचे भवितव्य सूत्रातून निघालेल्या या अंदाजावर हलते.

गुणक कुठून आला

१९९९ साली प्रचारात आलेल्या सूत्रात आणि त्याची जागा घेणाऱ्या २००९ च्या सूत्रात वय आणि लिंगाशिवाय आणखी एक रकाना होता, तो म्हणजे रुग्ण कृष्णवर्णीय आहे की नाही. उत्तर 'होय' असले, तर आलेल्या आकड्याला पहिल्या सूत्रात सुमारे १.२ ने आणि दुसऱ्यात १.१५९ ने गुणायचे. अशा फेरफाराला वैद्यकीय लेखनात वंश-दुरुस्ती म्हणतात.

हा गुणक कोणी द्वेषापोटी घातला नव्हता. सूत्र तयार करताना ज्या रुग्णांच्या मूत्रपिंडांची क्षमता अधिक काटेकोर पद्धतीने प्रत्यक्ष मोजली होती, त्यांच्यात क्रिएटिनीन सारखे असूनही कृष्णवर्णीय सहभागींची क्षमता सरासरीने थोडी जास्त आढळली. त्याचे स्पष्टीकरण म्हणून कृष्णवर्णीयांचे स्नायू अधिक भरलेले असतात असे गृहीत धरण्यात आले आणि त्यासाठी काही जुन्या, छोट्या अभ्यासांचा आधार देण्यात आला. पुढे मूळ निरीक्षण मागे पडले आणि स्नायूंची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात जाऊन बसली. एखाद्याच्या शरीरात स्नायू खरोखर जास्त आहेत का, हे पाहायचे असेल तर त्याचे शरीर तपासावे लागते. सूत्र मात्र केवळ त्याचा वंश विचारत होते.

तराजूची दोन पारडी समान नसली, तर हलक्या पारड्यात छोटे वजन टाकून ती समतोल करतात, त्याला पासंग म्हणतात आणि त्यात काही गैर नाही. पण वाण्याने तराजूकडे न पाहता गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहून पासंग टाकायला सुरुवात केली, तर त्यातील काही गिऱ्हाइकांना योगायोगाने बरोबर माल मिळेल आणि बाकीच्यांना कमी मिळेल. आणि कोणाला कमी मिळाला, हे वाण्यालाही सांगता येणार नाही.

आता प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. समजा एका गौरवर्णीय आणि एका कृष्णवर्णीय पुरुषाचे वय सारखे आहे, क्रिएटिनीन सारखे आहे, आणि सूत्रातून दोघांचाही आकडा १८ निघतो. पहिल्याचा अहवाल १८ असाच छापला जाईल आणि तो यादीसाठी पात्र ठरेल. दुसऱ्याच्या १८ ला १.१५९ ने गुणले की जवळपास २१ होतात, आणि २१ हे २० पेक्षा जास्त असल्यामुळे त्याला थांबायला सांगितले जाईल. त्याचा प्रतीक्षाकाळ सुरू व्हायला आणखी कित्येक महिने, कधी वर्षेही, जाऊ शकतात आणि तोवर त्याला डायलिसिसवर जाण्याची वेळ येऊ शकते. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के आहेत, पण मूत्रपिंडे निकामी झालेल्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ३५ टक्के आहे. ज्या समाजात हा आजार सर्वाधिक, त्याच समाजाचा आजार कमी दाखवणारे सूत्र दोन दशके चालले.

ते बदलण्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. वर्गात हा गुणक शिकवला जात असताना 'कृष्णवर्णीय कोणाला म्हणायचे, हे कोण ठरवणार?' असा प्रश्न त्यांनी विचारायला सुरुवात केली. बोस्टनमधील बेथ इस्राएल डीकनेस या रुग्णालयाने २०१७ मध्येच आपल्या अहवालातून हा गुणक काढला. सप्टेंबर २०२१ मध्ये मूत्रपिंडतज्ज्ञांच्या राष्ट्रीय कृतिगटाने वंशाचा रकाना नसलेले नवे सूत्र सर्वत्र वापरण्याची शिफारस केली आणि सुरुवातीला सांगितलेला यादीचा आदेश त्यातूनच निघाला. या भरपाईची एक मर्यादाही नोंदवायला हवी. ज्यांचे नाव यादीत होते, त्यांनाच काळ परत मिळाला. ज्यांना फुगलेल्या आकड्यामुळे तज्ज्ञाकडे पाठवलेच गेले नाही, त्यांच्या नावावर जमा करायला खातेच नव्हते.

पण वंश म्हणजे जनुकेच ना?

हा आक्षेप सर्वांत स्वाभाविक आहे. काही आजार काही समाजांत जास्त आढळतात हे खरेच आहे. मग वंश विचारला तर बिघडले कुठे?

माणसामाणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत आढळतो, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवले आणि नंतरच्या संशोधनाने ते मोठ्या प्रमाणात टिकून राहिले. जगात सर्वाधिक जनुकीय विविधता आफ्रिकेत आहे. नायजेरिया आणि इथिओपिया येथील दोन माणसे अमेरिकेच्या फॉर्मवर एकाच रकान्यात बसतात, पण जनुकांच्या दृष्टीने ती एकमेकांपासून बरीच लांब असू शकतात. शिवाय अमेरिकेतील कृष्णवर्णीय ही व्याख्या गुलामगिरीच्या काळातील कायद्यांतून आणि रूढींतून घडली आहे. ज्याची आई गौरवर्णीय आणि वडील कृष्णवर्णीय, त्यालाही कृष्णवर्णीयच म्हणायचे अशी ती रूढी आहे. अशा माणसाला १.१५९ ने गुणायचे की नाही? सूत्रात 'अर्धे होय' असे उत्तर देण्याची सोय नव्हती.

मूत्रपिंडांच्या बाबतीत खरे जनुकीय कारणही सापडले आहे आणि तेच या मुद्द्याचा उत्तम पुरावा आहे. २०१० मध्ये एपीओएल-१ या जनुकाची दोन रूपे ओळखली गेली. झोपेच्या आजाराला कारणीभूत होणाऱ्या परजीवीपासून ती संरक्षण देतात, म्हणून पश्चिम आफ्रिकेत ती टिकून वाढली; पण आई आणि वडील या दोघांकडूनही अशी रूपे आली, तर मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका बराच वाढतो. अमेरिकेतील सुमारे १३ टक्के कृष्णवर्णीयांमध्ये अशी जोडी आढळते. म्हणजे बाकीच्या ८७ टक्क्यांमध्ये ती नाही, आणि इथिओपियातून आलेल्या लोकांत ती जवळपास आढळतच नाही. जनुक तपासायचे असेल तर रक्त तपासावे. त्वचेवरून अंदाज बांधला तर बहुतेक वेळा तो चुकेल.

सिकल सेलचे उदाहरण तर आपल्या परिचयाचे आहे. अमेरिकेत हा कृष्णवर्णीयांचा आजार म्हणून ओळखला जातो. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी भागांत तो पिढ्यानपिढ्या आहे, आणि तेथील लोकांचा पश्चिम आफ्रिकेशी अलीकडचा काही संबंध नाही. जिथे मलेरिया फार होता, तिथे हे जनुक टिकले, कारण एकच प्रत मिळालेल्याला मलेरियापासून संरक्षण मिळते. आजाराचा नकाशा डासांनी आखला आहे. अमेरिकेत तो गुलामांच्या जहाजांमधून पोहोचला, म्हणून तिथे त्याला वंशाचे नाव मिळाले.

गुलामांच्या फुफ्फुसांपासून आजच्या अहवालापर्यंत

मूत्रपिंडाच्या सूत्रामागे निदान काही मोजमाप होते. फुफ्फुसांच्या तपासणीचा इतिहास अधिक अस्वस्थ करणारा आहे.

नळीत जोराने श्वास सोडायला लावून फुफ्फुसांची क्षमता मोजणारे स्पायरोमीटर हे यंत्र लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४० च्या दशकात तयार केले. त्यांनी दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला आणि क्षमता उंचीवर अवलंबून असते असे दाखवले. लवकरच हे यंत्र अमेरिकेच्या दक्षिणेत गेले. तिथे सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, जो स्वतः गुलाम बाळगणारा होता, १८५१ मध्ये लिहिले की कृष्णवर्णीयांची फुफ्फुसे गोऱ्यांच्या तुलनेत वीस टक्क्यांनी कमी हवा घेतात आणि त्यामुळे सक्तीचे श्रम त्यांच्या प्रकृतीसाठी हितकारक आहेत. याच कार्टराइटने गुलामाच्या पळून जाण्याच्या इच्छेला मानसिक आजार ठरवून त्याला नावही दिले होते. यादवी युद्धानंतर सैनिकांच्या मोठ्या प्रमाणावरील मोजमापांतही कृष्णवर्णीयांची क्षमता कमी भरली. त्यांतील कितीतरी जण काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. त्यांचे बालपण, आहार, श्रम आणि आजार यांची नोंद मोजणाऱ्यांनी केली नाही, वंशाची केली.

तेथून हा फरक निसर्गदत्त असल्याचे मानले जाऊ लागले. विसाव्या शतकातील स्पायरोमीटरांमध्ये कृष्णवर्णीयांसाठी अपेक्षित क्षमता १० ते १५ टक्क्यांनी आणि आशियाई लोकांसाठी ४ ते ६ टक्क्यांनी कमी धरण्याची सोय यंत्रातच असे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या फुफ्फुसांचा अहवालही वर्षानुवर्षे या कपातीतूनच निघाला आहे. परिणाम साधा आहे. अपेक्षाच कमी धरली, तर खालावलेली फुफ्फुसेही 'सामान्य' ठरतात. १९९९ मध्ये बाल्टिमोरमध्ये ॲस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसे बिघडल्याचे दावे कामगारांनी लावले, तेव्हा एका इन्सुलेशन उत्पादक कंपनीच्या वकिलांनी मागणी केली की कृष्णवर्णीय कामगारांनी गोऱ्यांपेक्षा अधिक बिघाड दाखवला तरच त्यांचा दावा चालवावा. वैद्यकीय मानक हातात असल्यावर अशी मागणी करायला त्यांना वेगळा युक्तिवाद शोधावा लागला नाही.

हेच तर्कशास्त्र मेंदूपर्यंतही गेले. डोक्याला मार बसलेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देण्यासाठी अमेरिकी फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगने केलेल्या समझोत्यात कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक क्षमताच कमी असल्याचे धरून नुकसान मोजले जात होते. दोन माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये लीगने ही पद्धत थांबवण्याचे मान्य केले.

सूत्रात वंश नसला, तर?

वंशाचा रकाना नसला की हिशेब निष्पक्ष झाला, असे वाटणे साहजिक आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा समज मोडून काढला. अमेरिकेतील मोठ्या आरोग्यसंस्था कोणत्या रुग्णांकडे जास्त लक्ष पुरवायचे, हे ठरवण्यासाठी एक संगणकीय प्रणाली वापरत होत्या. त्या प्रणालीला वंश माहीतच नव्हता. पुढील वर्षी रुग्णावर किती खर्च होईल याचा अंदाज ती बांधत असे, आणि ज्याचा खर्च जास्त तो जास्त आजारी, असे मानत असे.

यात मेख अशी होती की सारखेच दीर्घकालीन आजार असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णावर गौरवर्णीयापेक्षा वर्षाला सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होता. विमा अपुरा, दवाखाना लांब, कामावरून सुट्टी मिळणे अवघड, तज्ज्ञाकडे पाठवण्याचे प्रमाण कमी, अशी त्याची अनेक कारणे होती. प्रणालीने कमी खर्चाचा अर्थ कमी आजार असा लावला. संशोधकांनी खर्चाऐवजी प्रत्यक्ष आजार मोजून पाहिले, तेव्हा जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले. ज्याच्यावर आजवर पैसे खर्च झाले नाहीत, त्याच्यावर पुढेही होऊ नयेत, असा निर्णय कोणीही न घेता घेतला जात होता.

हा सगळा गरिबीचा परिणाम नाही का?

बराचसा आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. अमेरिकेतील गरिबी, विमा आणि वस्त्यांची विभागणी यांचाही वंशाशी जुना संबंध आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दक्षिणेतील बहुसंख्य रुग्णालयांत कृष्णवर्णीयांचे विभाग वेगळे असत किंवा त्यांना प्रवेशच नसे. वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आली, तेव्हा 'भेदभाव कराल तर पैसे मिळणार नाहीत' या अटीने ती दारे उघडली. २०२३ मध्येही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सरासरी आयुर्मान ७४.० वर्षे, तर गौरवर्णीयांचे ७८.४ वर्षे होते.

तरीही सगळा भार गरिबीवर टाकता येत नाही, हे बाळंतपणातील मृत्यूंवरून दिसते. २०२३ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे ५०.३ आणि गौरवर्णीय मातांचे १४.५ मृत्यू झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१९ मध्ये शिक्षणानुसार वर्गवारी केली, तेव्हा महाविद्यालयीन पदवी असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा गर्भारपणाशी संबंधित मृत्युदर तेवढ्याच शिकलेल्या गौरवर्णीय स्त्रियांच्या पाचपटीहून अधिक आढळला. शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गौरवर्णीय स्त्रियांपेक्षाही तो जास्त होता. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना २०१७ मध्ये बाळंतपणानंतर श्वास लागला, तेव्हा फुफ्फुसात रक्ताची गुठळी असावी असे त्यांनी स्वतः सांगितले, कारण हा त्रास त्यांना पूर्वी झालेला होता. वेदनाशामकांमुळे त्या गोंधळल्या असाव्यात असे सुरुवातीला परिचारिकेला वाटले. त्यांनी सीटी स्कॅनचा आग्रह धरला आणि गुठळ्या सापडल्या. पैसा आणि प्रसिद्धी यांची कमतरता तिथे नक्कीच नव्हती.

मग डॉक्टर वर्णद्वेषी आहेत असे म्हणायचे का?

काही असतील, पण तेवढ्याने हा प्रश्न समजत नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गौरवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांना काही विधाने देऊन ती कितपत खरी वाटतात असे विचारण्यात आले. कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते, त्यांच्या मज्जातंतूंची टोके कमी संवेदनशील असतात, अशी ती विधाने होती. सुमारे निम्म्या जणांनी निदान एका चुकीच्या विधानाला होकार दिला, आणि ज्यांनी होकार दिला त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेला कमी गुण दिले. १८४० च्या दशकात अलाबामामध्ये जे. मॅरियन सिम्स या शल्यचिकित्सकाने अनार्का, बेट्सी आणि लूसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. त्या स्त्रियांना नकार देण्याचा अधिकार नव्हता आणि त्यांना वेदना कमी होतात, हा समज त्या काळात सर्वत्र होता. सिम्स यांचा पुतळा न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळून २०१८ मध्ये हलवला गेला. समज मात्र परीक्षा उत्तीर्ण होऊन वॉर्डात पोहोचलेला होता.

याच्या जोडीला 'हे लोक स्वतःच दवाखान्यात उशिरा येतात' असेही म्हटले जाते. अलाबामातीलच टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांचा आजार न सांगता, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते न देता, केवळ आजार कसा वाढतो हे पाहत ठेवले होते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. ज्या कुटुंबांच्या आठवणीत हे आहे, त्यांच्या सावधपणाला अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

रकाना काढून टाकला, की झाले?

झाले नाही, आणि जे लोक सुधारणेच्या बाजूचे आहेत त्यांनी हे अधिक स्पष्टपणे सांगायला हवे. मूत्रपिंडाचे नवे सूत्र सरासरीने कृष्णवर्णीयांचा आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी आणि इतरांचा किंचित जास्त दाखवते. चूक संपलेली नाही, ती वेगळ्या प्रकारे वाटली गेली आहे. त्यावर उपाय आहे. सिस्टॅटिन-सी नावाचे प्रथिन शरीरातील जवळपास सगळ्या पेशी तयार करतात आणि स्नायूंच्या प्रमाणाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. क्रिएटिनीनबरोबर तेही मोजले तर अंदाज वंशाशिवायही बराच नेमका येतो. पण ही तपासणी क्रिएटिनीनइतकी स्वस्त नाही आणि सगळीकडे होत नाही. वंशाचा रकाना हा एका अर्थी या खर्चाला शोधलेला फुकटचा पर्याय होता.

फुफ्फुसांच्या बाबतीत गुंतागुंत जास्त आहे. अमेरिकेतील श्वसनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये वंशनिरपेक्ष सूत्राची शिफारस केली. ते लागू झाल्यास अनेक कृष्णवर्णीयांचा आजार पूर्वीपेक्षा लवकर ओळखला जाईल आणि माजी सैनिकांपैकी कृष्णवर्णीयांची अपंगत्व-भरपाई सुमारे १७ टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज २०२४ मधील एका अभ्यासाने मांडला. पण त्याच बदलामुळे अग्निशमन दलासारख्या, फुफ्फुसांची चाचणी असलेल्या नोकऱ्यांत काही जण अपात्र ठरू शकतात, आणि कर्करोगाची गाठ काढण्यासाठी फुफ्फुसे पुरेशी सक्षम नाहीत असे सांगून काहींना शस्त्रक्रिया नाकारली जाऊ शकते. एकाच आकड्यावर भरपाई, नोकरी आणि शस्त्रक्रिया असे तीन निर्णय टांगलेले असतील, तर तो आकडा कोणत्याही बाजूला सरकवला तरी कोणाचे तरी नुकसान होणारच. माझ्या मते खरा दोष त्या टांगण्यात आहे.

जिथे रंग मोजायला हवा होता

आतापर्यंतची उदाहरणे नको तिथे वंश मोजल्याची किंवा चुकीची गोष्ट मोजल्याची होती. शेवटचे उदाहरण याच्या उलट आहे आणि ते आपल्या घरातही आहे.

बोटाला लावायचे पल्स ऑक्सिमीटर जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर चालते. यंत्र बोटातून लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश सोडते. ऑक्सिजन घेतलेले रक्त आणि न घेतलेले रक्त हे प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते आणि त्या फरकावरून टक्केवारी निघते. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्यही प्रकाश शोषते. यंत्रे जुळवताना प्रामुख्याने उजळ त्वचेची माणसे घेतली गेली असतील, तर गडद त्वचेवर आकडा सरकतो, आणि तो बहुधा वरच्या बाजूला सरकतो. रक्तातील ऑक्सिजन घटलेला असतानाही यंत्र 'ठीक आहे' असे सांगते.

हे १९९० पासून संशोधनात नोंदलेले होते. कोविडच्या साथीत मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांनी यंत्राचे आकडे आणि धमनीतील रक्ताची तपासणी शेजारी ठेवून पाहिली. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली असण्याचे प्रमाण गौरवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. डिसेंबर २०२० मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या दिवसांत रुग्णाला दाखल करायचे का, ऑक्सिजन लावायचा का, विशिष्ट औषध द्यायचे का, हे या आकड्यावर ठरत होते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा २०१३ पासूनचा नियम असा होता की चाचणीतील किमान दहा माणसांपैकी निदान दोन, किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, गडद त्वचेची असावीत. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात १५० किंवा अधिक माणसांची चाचणी घ्यावी आणि त्यांच्या त्वचेचा रंग प्रमाणित पट्टीवर मोजावा असे सुचवले आहे. इथे मोजायचा तो रंग, वंश नव्हे, हा फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तर एकाच आईच्या पोटी सावळा भाऊ आणि गोरी बहीण जन्माला येते.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवक हीच यंत्रे घेऊन घरोघर गेले होते आणि तेव्हापासून ती अनेक घरांच्या कपाटात आहेत. मान्यताप्राप्त यंत्राने ९० दाखवले, तरी प्रत्यक्षातील प्रमाण साधारण ८६ ते ९४ च्या दरम्यान कुठेही असू शकते, असे अमेरिकी प्रशासनच सांगते, आणि दुकानात मिळणाऱ्या अनेक यंत्रांची अशी तपासणी झालेलीही नसते. त्यामुळे एका आकड्यावर विसंबण्यापेक्षा त्याच यंत्राने त्याच बोटावर दिवसातून काही वेळा मोजून आकडा घसरतो आहे का, ते पाहावे. हात गार असतील तर आधी ऊब द्यावी, नखांना रंग असेल तर तो काढावा. धाप लागत असेल, ओठ निळसर किंवा राखाडी दिसत असतील, माणूस असंबद्ध बोलत असेल, तर यंत्रावर ९६ दिसत असले तरी दवाखाना गाठावा, आणि सावळ्या माणसाच्या बाबतीत ओठांपेक्षा तोंडाच्या आतील बाजूचा आणि नखांखालचा रंग पाहावा.